देवगिरी ‘अजिंक्य’ होता का? एका फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

देवगिरी किंवा दौलताबादच्या किल्ल्याचे फोटो जोडून एक मजकूर व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच राहतात. ते असे: यादवांनी हा किल्ला जसा बांधला तसाच तो आज उभा आहे. खंदक, भुयारी अंधारी, तटामागचे तट, तोफा, सगळे त्यांचेच. लढून हा किल्ला कुणालाही घेता आला नाही, दर वेळी तो फितुरीनेच पडला. पहिल्यांदा पडला तो धान्याच्या गोण्यांत मीठ निघाले म्हणून. अंधारीत शिरलेला एकही शत्रू जिवंत परतला नाही आणि खंदकात मगरी होत्या. पुढे तुघलकाने सगळी दिल्ली उचलून इथे आणली आणि पाणी नाही म्हणून परत नेली.

असा मजकूर पाठवणाऱ्याच्या मनात किल्ल्याबद्दल अभिमानच असतो, आणि तो अभिमान रास्त आहे. पण यातल्या बहुतेक वाक्यांनी किल्ल्याचा खरा इतिहास झाकला जातो. तो इतिहास या दंतकथांपेक्षा कितीतरी भरीव आहे, म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर देणे गरजेचे वाटते.

दावा: ‘यादवांनी बांधला तसाच आज उभा आहे’

राजधानी म्हणून देवगिरीची निवड पाचव्या भिल्लमाने केली, ११८७ च्या सुमारास. मैदानात एकटाच उभा असलेला, सुमारे सहाशे फूट उंचीचा शंकूच्या आकाराचा हा डोंगर त्याने हेरला, यातच यादवांची नजर दिसते. शेजारच्या डोंगररांगेपासून तो सुटा आहे, त्यामुळे वरून मारा करायला शत्रूला जवळ उंच जागा मिळत नाही. डोंगराच्या पोटात कोरलेली दालनेही जुनी आहेत. वेरूळ इथून जवळच आहे आणि खडक कोरण्याचे कसब या मुलखात शतकानुशतके मुरलेले होते.

पण आज तिकीट काढून आत शिरल्यापासून वरच्या बारादरी नावाच्या महालापर्यंत जे दिसते, त्यातले बहुतेक यादवांनंतरचे आहे. चालत जाताना क्रमाने पाहू.

सगळ्यात बाहेरचा अंबरकोट. जुन्या शहराला कवेत घेणारा हा तट मलिक अंबरच्या काळातला, म्हणजे सतराव्या शतकाच्या आरंभीचा. त्याच्या आतला महाकोट. त्याच्या तटांची लांबी जवळपास ५ किलोमीटर, त्यावर ५४ बुरूज, भिंतींची जाडी ६ ते ९ फूट आणि उंची १८ ते २७ फूट. या तटाजवळ थांबून दगड नीट बघा. सरळ घडवलेल्या चिऱ्यांमध्ये मधूनच एखादा कोरीव दगड दिसतो. देवळाच्या खांबाचा तुकडा आडवा निजवून बसवलेला असतो, नक्षीची बाजू बाहेर आलेली असते आणि कडेने चुन्याचा सांधा भरलेला असतो. देऊळ मोडल्याशिवाय त्याचा खांब तटात येत नाही. म्हणजे भिंतीचा तेवढा भाग यादवांची सत्ता गेल्यानंतरचा. यासाठी ग्रंथ उघडायला नको, पाच मिनिटे भिंतीसमोर उभे राहिले की पुरे.

महाकोटाच्या दाराची रचनाही काळ सांगते. बुरूज अर्धगोल, दारापुढे वळसा घेणाऱ्या भिंती, एका दारातून आत गेले की लगेच काटकोनात वळण, मग दुसरे दार. दारांच्या फळ्यांवर हत्तीच्या मस्तकाच्या उंचीवर लोखंडी अणकुचीदार सुळे. हत्तीला दार फोडायला धाव घ्यावी लागते, आणि वळणामुळे त्याला धावायला सरळ जागाच मिळत नाही. आत आलेली तुकडी चौकात कोंडली जाते आणि चारही बाजूंच्या जंग्यांतून, म्हणजे भिंतीतल्या मारा करायच्या भोकांतून, तिच्यावर मारा करता येतो. गोल बुरूज तोफांसाठी. गोळा गोल भिंतीवर तिरपा लागून निसटतो आणि बुरुजावरची आपली तोफ अधिक बाजूंना फिरवता येते. तोफा दख्खनेत रुळल्या त्या पंधराव्या शतकात. यादवांची सत्ता त्याच्या शंभर वर्षे आधीच संपली होती. काळाकोट म्हणजे महाकोटाच्या आतला, डोंगराच्या पायथ्याचा तट; त्याच्या बाजूला बुरुजावर बसवलेली, मेंढ्याच्या तोंडाची प्रसिद्ध तोफ तर औरंगजेबाचे नाव अंगावर घेऊन बसली आहे.

चांदमिनार बहमनींचा, पंधराव्या शतकाच्या मध्यातला, सुमारे २१० फूट उंच. आज जिथे भारतमातेची मूर्ती आहे ती वास्तू म्हणजे दिल्लीचा सुलतान मुबारक खलजीने १३१८ मध्ये देवळांचे खांब वापरून उभारलेली मशीद. त्या खांबांत यादवकाळ दिसतो, छपरात आणि मांडणीत दिसत नाही. चिनी महालात पुढे औरंगजेबाने गोवळकोंड्याच्या अबुल हसन तानाशहाला कैदेत ठेवले. डोंगरमाथ्याजवळची बारादरी शाहजहानच्या १६३६ च्या मुक्कामासाठी बांधलेली. आणि आपल्याला जवळची आणखी एक खूण: संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी सोळाव्या शतकात निजामशाहीतर्फे याच किल्ल्याचे किल्लेदार होते. एकनाथांची साधना झाली ती यादवांच्या नाही, निजामशाहीच्या देवगिरीवर. त्याने तिचे मोल तसूभरही कमी होत नाही.

उभा कडा आणि खंदक यांबद्दल एक महत्त्वाची साक्ष आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४२ च्या सुमारास इथे आला होता. तो लिहितो की मैदानात एक खडक आहे, तो तासून काढला आहे, माथ्यावर गढी आहे आणि तिथे चामड्याच्या शिडीने चढतात. रात्री ती शिडी वर ओढून घेतात. खालच्या कोठडीत कैदी ठेवत आणि तिथले उंदीर मांजरापेक्षा मोठे होते, असेही तो सांगतो. म्हणजे चौदाव्या शतकाच्या मध्यावर खडक तासलेला होता, पण वर जायची वाट म्हणून त्याने सांगितली ती शिडी. आज आपण पूल ओलांडून अंधारीतून पायऱ्या चढतो. बतूताच्या वर्णनात ती वाट नाही. जुनी कोरीव दालने एकमेकांना जोडून, पायऱ्या खोदून, दारे बसवून जी सलग वाट आज दिसते, ती पुढच्या राजवटींनी घडवत नेलेली आहे.

प्रत्येक नव्या मालकाने आधीच्या वेढ्यात काय कमी पडले ते पाहिले आणि तेवढे वाढवले. देवगिरीची थोरवी या पाचशे वर्षांच्या थरांत आहे. सगळे एका घराण्याच्या नावावर टाकले की हे थर दिसेनासे होतात.

दावा: ‘लढून कुणालाही घेता आला नाही, दर वेळी फितुरीने पडला’

या वाक्यात एक गोष्ट खरी आहे, ती आधी मान्य करू. वरचा तासीव डोंगर, ज्याला बालाकोट म्हणतात, तो कुणी शिड्या लावून किंवा अंधारीतून घुसून सर केल्याची प्रसिद्ध वेढ्यांपैकी एकातही नोंद नाही. खंदकाच्या तळापासून दीडशे फुटांच्या आसपास सरळ तुटलेला कातळ चढणे म्हणजे मरणच. पण किल्ला म्हणजे नुसता खडक नव्हे. त्यात माणसे असतात, दाणागोटा असतो, आणि बाहेरून येणाऱ्या कुमकेची आशा असते. देवगिरीचे सगळे वेढे या तीन गोष्टींवर सुटले किंवा फसले.

१२९६. कऱ्याचा सुभेदार अल्लाउद्दीन खलजी सुमारे आठ हजार घोडदळ घेऊन एलिचपूरमार्गे उतरला. यादव राजा रामदेवरावाची मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होती. वाटेत लासूरच्या घाटात कान्हा नावाच्या यादव सरदाराने अल्लाउद्दीनला अडवले. दौलताबादेतच राहून १३५० मध्ये ग्रंथ पुरा करणारा इतिहासकार इसामी सांगतो की त्या लढाईत दोन स्त्रियाही शौर्याने लढल्या. व्हॉट्सॲपच्या मजकुरात त्यांचा उल्लेखही नसतो, याचे वाईट वाटते. घाट पडल्यावर रामदेवराव गडावर गेला. आपल्यामागून दिल्लीची मोठी फौज येते आहे अशी हूल अल्लाउद्दीनने उठवली. रामदेवरावाने खंडणी कबूल केली, तेवढ्यात शंकरदेव परतला आणि त्याने तह मोडून मैदानात लढाई दिली. लढाई रंगात असताना, किल्ल्यापाशी ठेवलेली नुस्रतखानाची तुकडी धूळ उडवत आली. ती दिल्लीची फौज समजून यादवांचे सैन्य फुटले. बाहेरची कुमक मोडली म्हणून गड नमला. यात फितूर कोण? शत्रू येतो आहे याची वेळेवर बातमी नव्हती, आणि राजधानीत फौज नव्हती.

१३०८ मध्ये अल्लाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर आला तेव्हा गडाला दीर्घ वेढाही पडला नाही. मैदानात हार झाली, रामदेवराव दिल्लीला नेला गेला, ‘रायरायान’ किताब घेऊन मांडलिक म्हणून परतला. त्याच्यामागून शंकरदेवाने खंडणी थांबवली आणि तो मारला गेला. १३१८ मध्ये मुबारक खलजीने रामदेवरावाचा जावई हरपालदेव याला पकडून हालहाल करून मारले. या तिन्ही वेळी निकाल गडाबाहेर लागला.

आता उलटे उदाहरण, जे या मजकुरात असायला हवे होते. १३४७ च्या आगेमागे दख्खनेतल्या अमीरांनी महंमद तुघलकाविरुद्ध बंड केले. सुलतान स्वतः चालून आला, मैदानात जिंकला, आणि बंडखोरांचा म्होरक्या इस्माईल मुख वर गडावर जाऊन बसला. गुजरातेत दुसरे बंड उठल्यामुळे सुलतानाला निघावे लागले, वेढा सरदारांवर सोपवला. इकडे बाहेर असलेल्या हसन नावाच्या सरदाराने सुलतानाच्या सेनापतीला गाठून ठार केले, आणि वेढा आपोआप उठला. तोच हसन ऑगस्ट १३४७ मध्ये दौलताबादेत गादीवर बसला आणि बहमनी राज्य सुरू झाले. खडक तोच होता. या वेळी आत दाणा होता आणि बाहेरची कुमक जिंकली, म्हणून गड टिकला.

यापेक्षा बोलके उदाहरण निजामशाहीचा संस्थापक अहमद निजामशहाचे. दौलताबाद तिथला किल्लेदार मलिक अश्रफ याच्या ताब्यात होता. अहमदने दोनेक महिने वेढा घालून पाहिला आणि जोर लावून काही होणार नाही हे ओळखून तो उठला. मग त्याने जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मधोमध एक ठाणे वसवले. तेच अहमदनगर. तिथून तो दर सुगीला फौज पाठवी आणि दौलताबादच्या भोवतालची उभी पिके उद्ध्वस्त करी. वर्षानुवर्षे हे चालले. १४९९ मध्ये अश्रफ वारला तेव्हा शिबंदीने, म्हणजे गडावरच्या सैन्याने, गडाच्या चाव्या अहमदच्या हाती दिल्या. याला फितुरी म्हणणे म्हणजे त्या उपाशी शिबंदीवर अन्याय आहे. पिके जाळून गड घेणे हीसुद्धा लढाईच असते, फक्त ती सावकाश चालते.

आणि १६३३. तट प्रत्यक्ष फोडून आत शिरल्याची ही लढाई, आणि आपल्याशी सगळ्यात जवळचा संबंध असलेलीही. निजामशाहीचा कारभारी फत्तेखान, म्हणजे मलिक अंबरचा मुलगा, आधी मोगलांशी बोलणी करत होता, मग विजापूरकरांकडे वळला. मोगल सेनापती महाबतखानाने वेढा आवळला. बाहेरून सोडवायला आले विजापूरचे रणदुल्लाखान आणि मुरारपंत, आणि त्यांच्या बरोबर शहाजीराजे भोसले. त्यांनी रसद आत पोचवायचा वारंवार प्रयत्न केला. मोगलांनी दाण्याचे तांडे वाटेतच पकडले.

तटांवर मोगलांनी सुरुंग चालवले. सुरुंग म्हणजे काय ते नीट समजून घेण्यासारखे आहे. मोर्च्यांच्या आडोशाने तटाच्या जवळ यायचे, तिथून जमिनीखाली भुयार खणत बुरुजाच्या पायापर्यंत न्यायचे, टोकाला कोठी करून दारू भरायची, आणि भुयाराचे तोंड माती-दगडांनी गच्च ठासून बंद करायचे. ठासणी कच्ची राहिली तर स्फोटाचा जोर तटाला उचलण्याऐवजी भुयारातून मागे फिरतो आणि आपलीच माणसे मारतो. जमिनीत पाझर असेल तर दारू ओली होते. आतल्यांना खणण्याचा आवाज लागला तर ते उलट भुयार खणून दारू काढून नेतात. आणि सगळे जमले तरी भगदाड पडताच आत घुसायला तुकडी तयार नसेल, तर आतले लोक रातोरात लाकूड-मातीने भगदाड बुजवतात. दौलताबादेत आधी अंबरकोटाचा तट उडाला आणि मोगल आत आले, मग महाकोटाखाली सुरुंग उडाला. याच्यापुढे काळाकोट आणि डोंगर उरले होते, पण आत दाणा संपला होता. मेलेल्या जनावरांची कातडी खाण्याची पाळी आली. साथ पसरली. जूनमध्ये फत्तेखानाने दहा लाखांवर रुपये ठरवून किल्ला सोडला.

पैसे घेतले म्हणजे फितुरीच, असे कुणी म्हणेल. फत्तेखान विश्वासू माणूस नव्हताच, त्याने आपल्याच सुलतानाचा बळी घेतला होता. पण दोन तट उडालेले, कोठारे रिकामी आणि बाहेरची कुमक हरलेली असताना झालेल्या शरणागतीला ‘फितुरी’ म्हटले की महाबतखानाच्या सुरुंगकऱ्यांपासून रसद आणणाऱ्या मराठ्यांपर्यंत सगळ्यांची लढाई पुसली जाते. पोरवयाच्या हुसेन निजामशहाला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात धाडले. शहाजीराजांनी लगेच पेमगिरीवर निजामशाहीचा दुसरा वारस बसवला आणि पुढची तीन वर्षे मोगलांशी झुंज दिली. दौलताबाद पडल्याचा परिणाम इतका दूरवर गेला.

१७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर हाच किल्ला मराठ्यांकडे आला. दौलताबादेवर एकही गोळा न टाकता, तहाच्या कलमाने.

दावा: ‘धान्याऐवजी मीठ निघाले म्हणून गड पडला’

मिठाची हकिकत सांगणारा इतिहासकार फरिश्ता. तो सतराव्या शतकाच्या आरंभी विजापुरात लिहीत होता, म्हणजे घटनेला तीनशे वर्षे उलटल्यावर. त्याच्या म्हणण्याप्रमाणे कोकणातले व्यापारी पळून गेले आणि त्यांच्या सोडून दिलेल्या गोण्या घाईघाईत धान्य समजून गडावर चढवल्या गेल्या. मिठाचा तांडा कोकणातून घाटावर यावा हे अगदी शक्य आहे. पण गोणीला हात लावणाऱ्या हमालाचा विचार करा. त्याच मापाची मिठाची गोणी ज्वारीच्या गोणीपेक्षा जवळजवळ दीडपट जड भरते, आणि ती दाबली तर खडा लागतो. एक-दोन गोण्या चुकतील, साऱ्या कशा चुकतील?

क्षणभर गोष्ट खरी धरू आणि गोण्यांत धान्यच होते असे मानू. गडावर तीन हजार माणसे असतील तर माणशी ७०० ग्रॅम धरून रोज २,१०० किलो धान्य लागते. ७५ किलोची गोणी धरली तर रोजच्या २८ गोण्या. हजार गोण्या पाच आठवडे पुरतील, तेही एकही घोडा न पोसता. घोड्याला माणसाच्या चौपट-पाचपट दाणा लागतो, वैरण वेगळीच. म्हणजे धान्य असते तर गड आणखी महिनाभर तगला असता, पण पुढे काय? कुमक म्हणून येणारी मुख्य फौज तर आधीच मैदानात हरली होती. मीठ नसते तर गड वाचला असता हे म्हणणे त्या लढाईला आणि त्या हाराला बाजूला सारते. खरी चूक मिठाची नव्हती. वर्षाचा साठा आधीच वर चढवून ठेवलेला नव्हता, ही होती. नंतरच्या राजवटींनी कोठारे, टाकी आणि दारूखाने यांवर एवढा खर्च केला तो याच कारणाने.

लांब तटाचीही एक किंमत असते, जी मजकुरांत कधी येत नाही. महाकोटाच्या ५ किलोमीटर तटावर दर दोन मीटरला एक माणूस ठेवायचा तर २,५०० माणसे लागतात, दोन पाळ्यांना ५,०००. वरच्याच हिशेबाने त्यांना रोज साडेतीन हजार किलो धान्य हवे. तट जितका लांब, तितकी तोंडे जास्त आणि कोठार तितक्या लवकर रिकामे. माणसे कमी पडली की तटाचा एखादा पट्टा उघडा राहतो, आणि सुरुंग लावणारा नेमका तोच हेरतो.

दावा: ‘अंधारीत शिरलेला एकही शत्रू परतला नाही, खंदकात मगरी’

अंधारी ही वास्तू म्हणून अप्रतिम आहे. खंदकावरचा जुना पूल मुद्दाम अरुंद आणि मध्ये खोलगट आहे. खंदकातले पाणी वाढवले की पूल बुडतो. पलीकडे छोटा चौक, मग कातळातली वाट: पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत, वळणे अचानक येतात, आणि उजेडावरून अंधारात आलेल्या डोळ्यांना पाऊल कुठे पडते ते कळत नाही. वरच्या टोकाला जाड लोखंडी झाकण. त्यावर निखारे पेटवून वाट धुराने कोंडायची योजना. हवेच्या झोताने धूर खाली ढकलला जावा म्हणून जवळच कातळात भोक ठेवलेले आहे. दहा-वीस माणसे इथे शेकडोंना रोखू शकतात. झाकण तापायला मात्र वेळ आणि बरेच सरपण लागते, आणि वरच्यांच्या नाकातही धूर जाऊ नये इतका वारा अनुकूल असावा लागतो. म्हणजे हा उपाय शेवटच्या घटकेचा.

पण वर सांगितलेला एकही वेढा अंधारीपर्यंत पोचून सुटलेला नाही. १६३३ मध्येसुद्धा निकाल महाकोट-काळाकोटातच लागला. मग इथे हजारो मेले हे आले कुठून? गाइड लोक दिवे मालवून जी हकिकत सांगतात ती अंगावर काटा आणते हे खरे, पण नोंदींत ती नाही. अंधारीचे यश असे की तिला कधी वापरावेच लागले नाही.

मगरींचे म्हणाल तर त्या असोत वा नसोत, खंदकाचे बळ त्यांच्यावर नव्हते. खंदक मातीत खणलेला नाही, कातळात उतरवलेला आहे, आणि त्याची आतली भिंत सरळ कड्यात मिळते. माती टाकून तो बुजवला तरी पुढे कडाच उभा असतो आणि शिडी टेकायला जागा मिळत नाही. मगर पोहणाऱ्याला अडवेल. इथे पोहून पोचणारा जाणार कुठे?

एकच वाट असण्याची दुसरी बाजूही आहे. आत येणाऱ्याला एकच वाट, तशी बाहेर पडणाऱ्यालाही एकच. वेढा घालणाऱ्याला डोंगराभोवती फार माणसे लागत नाहीत, त्या एका तोंडावर चौकी बसवली की झाले. आतल्यांना रसद चोरून आणणे किंवा अचानक बाहेर पडून छापा घालणे कठीण होते. शिवकाळातल्या डोंगरी किल्ल्यांना चोरदिंड्या, म्हणजे गुपचूप बाहेर पडायची छोटी दारे, का ठेवल्या जात, ते इथे उभे राहून कळते.

दावा: ‘सगळी दिल्ली आणली आणि पाणी नाही म्हणून परत नेली’

महंमद तुघलकाने १३२७ मध्ये देवगिरीला राजधानी केली, नाव दौलताबाद ठेवले, आणि दरबारी, उलेमा, सूफी, अधिकारी यांना सक्तीने आणले. त्यांचे हाल झाले, हे खरे. पण दिल्ली ओस पडली हे खरे नाही. दिल्लीच्या परिसरातले १३२७ आणि १३२८ चे संस्कृत शिलालेख त्या नगरीचे वैभव वर्णन करतात. आंधळ्याला फरफटत आणले आणि फक्त त्याचा पाय पोचला, ही कथा इब्न बतूताची. तो दिल्लीला पोचला तो १३३४ मध्ये, म्हणजे त्याने ती ऐकून लिहिली.

पाण्याचे म्हणाल तर किल्ल्यातला प्रचंड हत्ती हौद, ठिकठिकाणच्या बारवा, डोंगरावरची कातळात खोदलेली टाकी आणि वायव्येच्या डोंगरांतल्या तलावांतून मातीच्या भाजक्या नळांनी शहरात आणलेले पाणी, ही सगळी व्यवस्था आजही पाहता येते. नळाचे सांधे चुन्याने भरलेले असतात. झाडाची मुळे सांध्यात शिरली किंवा गाळ बसला की पाणी थांबते, म्हणून अशा नळांना मधे मधे उघडून साफ करायच्या जागा ठेवाव्या लागतात आणि त्यांच्यावर कायम माणूस नेमावा लागतो. तलाव मात्र तटाबाहेर आहेत. वेढ्यात शत्रूने नळ फोडले की आतल्यांना हौद, बारवा आणि टाक्यांवरच भागवावे लागते, आणि जूनच्या पहिल्या पावसापर्यंत ती किती भरलेली आहेत यावर किल्लेदाराचे दिवस ठरतात.